केशरबाईच्या तोंडी घातलेलं वाक्य

हरिहर सोमणांच्या कथासंग्रहाचं शेवटचं पान मी लिहिलंय. त्यांनी नाही. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला धक्काबिक्का बसायला नको.

मी संचिता. ठाण्यात कोपरीत राहते. दहावीनंतर टायपिंग शिकले आणि बारा वर्षं मराठी पुस्तकं टाइप करतेय. एकेचाळीस कथासंग्रह माझ्या बोटांखालून गेलेत. कथा कशी लिहायची हे मला कुणी शिकवलं नाही, पण लेखक कुठे लबाडी करतो ते बोटांना कळतं. पहिल्या पानावर गरीब माणूस आला की समजायचं, शेवटच्या पानावर तो मरणार नाहीतर गूढ हसणार. बाई असेल तर ती खिडकीशी जाऊन उभी राहणार. आमच्या खोलीला खिडकी एकच, आणि तिच्यासमोर गॅस आहे. तिथे उभं राहून कुणी गूढ होत नाही. चपाती करपते.

सोमण सर नौपाड्यात राहतात. मोठं नाव. चौदा संग्रह, दोनतीन पुरस्कार, शाळेच्या पुस्तकात धडा. चार वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांचे डोळे गेले. तेव्हापासून आमची पद्धत अशी, की ते खुर्चीत बसून तोंडी सांगतात, मी लॅपटॉपवर घेते. मग मी वाचून दाखवते, ते सुधारतात. पुन्हा वाचते, पुन्हा सुधारतात. तिसऱ्या वाचनानंतर फाइल डोंबिवलीला प्रकाशकाकडे जाते. त्यांना पडद्यावरचं अक्षर दिसत नाही, पण कान भयंकर. स्वल्पविराम राहिला तर माझ्या श्वासावरून ओळखतात.

"इथे थांबली नाहीस तू. स्वल्पविराम खाल्लास ना?"

"देते, सर."

"द्यायचा नाही, ठेवायचा. स्वल्पविराम काय भीक आहे?"

असे ते. मला आवडायचे. खोटं कशाला सांगू.

आता माझ्या भावाचं.

सर्वेश माझ्याहून चार वर्षांनी लहान. सव्वीस वर्षांचा होता. माजिवड्याला एका मोठ्या टॉवरमध्ये हाउसकीपिंगला लागलेला. जिने पुसायचे, लॉबी पुसायची, हे त्याचं काम. टाकीत उतरायचं त्याचं काम नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, दुपारी, तळमजल्याखालच्या सांडपाण्याच्या टाकीतला पंप चोकअप झाला. मशीनवाले उद्या येणार होते. टॉवरमधल्या लोकांना उद्यापर्यंत वास सोसवत नव्हता. सुपरवायझर सर्वेशला म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे, उतर. दोर नाही, मास्क नाही. सर्वेशने चपला काढून कडेला ठेवल्या आणि शिडीवरून खाली गेला. टाकी नऊ फूट. वर आला नाही.

सुपरवायझरने जबाब दिला, की तो प्यायलेला होता, कुणी सांगितलं नसताना स्वतःच उतरला, पाय घसरला. तसंच कागदावर आलं. माझ्या भावाने आयुष्यात दारू प्यायली नाही. बाप दारूने गेला म्हणून तो वास आला तरी गल्ली बदलायचा. पण कागदावर आलं ते आलं.

माझी आई मालन. ती दुसऱ्या दिवसापासून त्या टॉवरच्या गेटवर जाऊन बसायला लागली. कशासाठी? चपलांसाठी. कपडे मिळाले, मोबाइल मिळाला, चपला मिळाल्या नाहीत. तपकिरी रंगाच्या होत्या, जांभळी नाक्यावरून तिनेच घेऊन दिलेल्या, आणि डाव्या पायाचा पट्टा चांभाराने निळ्या दोऱ्याने शिवलेला. आई रोज कोपरीहून जायची, गेटवर विचारायची, "माझ्या पोराच्या चपला?" आणि संध्याकाळी परत यायची. मी ओरडायचे तिला. "अगं चपला काय करणारेस तू?" ती म्हणायची, "त्या माझ्या आहेत."

नवव्या दिवशी तिला चपला दिसल्या. वॉचमनच्या पायात. गोपीनाथ नाव त्याचं. साठीचा माणूस, त्याच्या स्वतःच्या चपलेचा अंगठा तुटलेला, आणि मे महिन्यात बारा तास डांबरावर उभं राहायचं. आईने बघितलं हे त्यानेही बघितलं. तो तिथेच वाकला आणि पायातून काढायला लागला. आई म्हणाली, "असू दे. घाल."

तेव्हा गोपीनाथ रडला. आणि मग त्याने सांगितलं. "बाई, तो प्यायला नव्हता. मी तिथंच होतो. त्यानं दोर मागितला. सुपरवायझर हसला, म्हणाला, दोर काय मागतोस, विहिरीत चाललायस काय?"  पोलिसांना सांगशील का, आईने विचारलं तर त्याने हात जोडले. सांगितलं तर नोकरी जाणार, आणि या वयात दुसरी कोण देणार. आईने घरी येऊन मला सगळं सांगितलं आणि नंतर पुन्हा गेटवर गेली नाही.

मी अकराव्या दिवशी कामावर गेले. सरांनी विचारलं, "संचिता, एवढे दिवस कुठे होतीस?" आणि मी सांगितलं. सगळंच. टाकी, दोर, निळा दोरा, गोपीनाथ. दीड तास बोलत होते. बारा वर्षं लेखकांत काढलेली बाई मी. माणूस ऐकताना मध्येच "मग?" म्हणतो तो कसला, हे मला कळायला हवं होतं. सर सात वेळा "मग?" म्हणाले. मला वाटलं, किती मन लावून ऐकतायत. डोक्यावर हात ठेवला त्यांनी. मी त्यांच्या खुर्चीशी बसून रडले.

सात महिन्यांनी ते म्हणाले, "नवी कथा. घे. शीर्षक, नऊ फूट."

माझी बोटं थांबली.

"घेतेयस ना?"

"घेतेय, सर."

घरी जाऊन आईला सांगितलं, सर आपल्या सर्वेशवर कथा लिहितायत. मला वाटलं ती चिडेल. ती उलट ताठ बसली. म्हणाली, "पुस्तकात येणार? छापून?"

"हो."

"छापलेलं खोडता येत नाही ना गं?"

"नाही."

"मग झालं. त्यांच्या कागदावर आपण आपला कागद ठेवू." आणि दुसऱ्या दिवशी तिने अख्ख्या चाळीत सांगितलं. शेजारच्या रंगूबाईला तर रोज. पोलिसांनी लिहिलं, 'प्यायलेला होता', आता मोठे लेखक लिहिणार, 'नव्हता'. रंगूबाई विचारायची, "पुस्तक कवा येतंय, मालन?" जसं काय बाळंतपण आहे.

आणि इकडे नौपाड्यात सर सांगत होते आणि मी टाइप करत होते. "सहदेवच्या मागच्या खिशात चपटी बाटली होती. उतरण्यापूर्वी त्याने एक घोट घेतला."

मी हात उचलले. "सर, तो पीत नव्हता."

"कोण?"

"सर्वेश."

"हा सर्वेश नाही. हा सहदेव आहे."

"सहदेव माजिवड्याच्या टॉवरमध्ये काम करतो, कोपरीत राहतो, त्याची बहीण टायपिंग करते. चाळीत सगळ्यांना कळणार कोण ते."

सर शांतपणे म्हणाले, "वाचकाला धुतल्या तांदळासारखा माणूस नको असतो गं. त्याला कंटाळा येतो. थोडा डाग लागतो."

"डाग त्यांनी लावलाय, सर. पुसायचा होता."

"पुसणं हे वकिलाचं काम. लिही."

मी लिहिलं. पगाराची माणसं आपण. आणि मग आला शेवट. सहदेवची आई केशरबाई. तिला बातमी कळते, ती घरात येते, मुलाची उष्टी थाळी उचलते, खिडकीशी जाते. खिडकी आलीच. आणि म्हणते, "बरं झालं. सुटला एकदाचा." संपली कथा.

मी म्हणाले, "आई असं म्हणाली नाही."

"तुझी आई नाही म्हणाली. केशरबाई म्हणाली. आणि या एका वाक्यासाठी मी बाकीची पंधरा पानं लिहिलीत."

"मग चपला? चपलांचं का नाही घेतलं? त्या वॉचमनचं?"

"चपला!" सर हसले. "मराठी साहित्यात चपलांची थप्पी लागलीय, संचिता. मेलेल्या माणसाच्या चपला, हरवलेल्या चपला. मी सत्तरीत चपलेवर कथा संपवू?"

मी तीन वाचनं केली. दोन खरी. तिसरं खोटं.

तिसऱ्या वाचनाच्या आदल्या दिवशी मी घरी बसून बाटली काढून टाकली. चपटी बाटली जिथे होती तिथे दोर घातला. सहदेव दोर मागतो, सुपरवायझर हसतो. आणि शेवटचं पान नव्याने लिहिलं. गेट, ऊन, वॉचमनचे पाय, निळा दोरा. तो वाकतो, केशरबाई म्हणते, "असू दे. घाल." मग तो सांगतो काय बघितलं ते. खिडकी नाही. एक पानसुद्धा भरलं नाही, पाऊण भरलं. आणि वॉचमनला मी त्याचं खरं नाव दिलं. सरांनी आमची नावं बदलून आमचंच घर उघडं टाकलं होतं, त्याचा राग होता मला. म्हटलं, एक तरी माणूस स्वतःच्या नावाने राहू दे.

मग सरांसमोर बसले आणि वाचलं. पडद्यावर माझं, तोंडात त्यांचं. बाटली पडद्यावर नव्हती, मी वाचली. घोट नव्हता, वाचला.  "केशरबाई म्हणाली, बरं झालं. सुटला एकदाचा."

सर डोळे मिटून ऐकत होते. "थांब. 'एकदाचा'नंतर पूर्णविराम आहे की उद्गारचिन्ह?"

पडद्यावर तो शब्दच नव्हता.

"पूर्णविराम, सर."

"छान. उद्गारचिन्ह आलं की ती बाई नाटकातली होते. दे पाठवून."

मी डोंबिवलीला फाइल पाठवली. प्रकाशक विनीत. त्याला फोनवर विचारलं, एकदा नजर घालणार का? तो म्हणाला, "ताई, सोमण सरांचं काय वाचायचं असतं? छापायचं असतं." हा माणूस वर्षाला तीस पुस्तकं काढतो.

वर्षभराने, जानेवारीत नौपाड्याच्या एका हॉलमध्ये प्रकाशन होतं. आई आली. कडक पांढरी साडी, सोबत रंगूबाई. तिसऱ्या रांगेत बसल्या. मी कडेला उभी. मला माहीत होतं आज काय होणार. कार्यक्रमात अभिवाचन होतं, मालिकांतली एक नटी, स्वप्ना नावाची, 'नऊ फूट' वाचणार होती. सर ऐकणार होते. सगळ्यांसमोर कळणार होतं. ते ओरडतील, मला स्टेजवर बोलावतील, काढून टाकतील. मी तयारीने गेलेले. बोलायला चार वाक्यं पाठ केलेली. हा माझा भाऊ, तो प्यायला नव्हता, त्याने दोर मागितला, तो सुपरवायझर अजून तिथेच आहे.

स्वप्ना वाचायला लागली. बाटलीची जागा आली आणि दोर आला. सरांनी मान वर केली. काठीवरची बोटं घट्ट झाली. पुढे पुढे ती वाचत गेली, आणि शेवटी, "असू दे. घाल." वॉचमन बोलतो. संपलं.

 हॉलमध्ये कुणीतरी नाक ओढलं. मग टाळ्या, आणि लोक उभे राहिले. डोळे पुसत उभे राहिले. माजिवड्याच्याच टॉवरमधले असतील त्यातले काही, कोण जाणे.

सरांच्या हातात माइक दिला. 

सर म्हणाले, "या शेवटासाठी मी सात महिने थांबलो. शेवट लेखक लिहीत नाही. तो येतो."

पुन्हा टाळ्या. माझी पाठ केलेली चार वाक्यं तोंडातच राहिली. चोरी केलेल्या माणसाने कसं सांगायचं, की माझ्याकडून चोरलं म्हणून?

बाहेर आले तर आई फुटपाथवर उभी. रंगूबाई डोळे पुसत म्हणत होती, "लई भारी लिवलंय गं. प्यायलेला नव्हता, सगळ्यांनी ऐकलं." आई माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता जवळ घेईल.

ती म्हणाली, "चपलांचं कुणी सांगितलं त्यांना?"

"मी."

"ते माझं आणि त्या माणसाचं होतं." तिने रिक्षाला हात केला. "मला विचारायचंस. त्याला विचारायचंस."



पुस्तक गाजलं. वर्तमानपत्रांत आलं. एका समीक्षकाने लिहिलं, शेवटच्या पानावर सोमण आपल्या सगळ्या कारकिर्दीला ओलांडून जातात. मी ते कापून ठेवलंय. दुसरं काय करू त्याचं?

मार्चमध्ये आई भाजी घेऊन आली आणि पिशवी न सोडताच म्हणाली, "गोपीनाथला काढलं."

तो तिला कोपरी बाजारात भेटलेला. टॉवरमधल्या वाचन मंडळाने पुस्तक वाचलं. महिन्याला एक पुस्तक घेऊन बसतात त्या बायका. त्यांनी नाव ओळखलं, गेट ओळखलं, टाकी ओळखली. सोसायटीची मीटिंग झाली. पुस्तकात दोन गोष्टी होत्या. एक, दोर मागितला तो दिला नाही. दोन, वॉचमनने मेलेल्या माणसाच्या चपला घातल्या. दोराबद्दल मीटिंगमध्ये कुणी तोंड उघडलं नाही. चपलांवर तासभर बोलले. मृताची वस्तू ढापणारा माणूस आपल्या गेटवर नको. सुपरवायझरनेच त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. आमचा एकुलता एक साक्षीदार, तो मीच पाऊण पानात सुपरवायझरच्या हवाली केला.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"काय म्हणणार. पायातल्या काढून द्यायला लागला मला. बाजारात. मी म्हटलं, घाल रे बाबा."

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. ते खूश होते, तिसरी आवृत्ती निघत होती. मी बसायच्या आधीच ते म्हणाले, "शेवट तू बदललास ते मला तिथेच कळलं. माझी केशरबाई एवढं कमी बोलत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"टाळ्या पडत होत्या, संचिता." लाजले नाहीत, काही नाही. "आणि शेवट माझ्यापेक्षा चांगला होता. 'गुमान' दोनदा आलाय तेवढं तिसऱ्या आवृत्तीत काढ."

मी म्हणाले, "सर, त्या वॉचमनला काढलं. तुमच्या पुस्तकामुळे. माझ्यामुळे. तुमचं नाव आहे, तुमचं ऐकतात लोक. वर्तमानपत्रात चार ओळी लिहा. सुपरवायझरचं लिहा, दोराचं लिहा. कथा नाही, पत्र लिहा. मी आत्ता घेते, तुम्ही सांगा."

सरांचा चेहरा खरंच उतरला. मग हळू विचारलं, "घरी कोण आहे त्याच्या?"

"बायको आहे. अंथरुणाला खिळलेली."

"मग?"

"एक मुलगी होती, ती…"

मी बोलता बोलता त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा उजवा हात टेबलावर सरपटत होता. वहीच्या कडेवरून, चष्म्याच्या घरावरून, काहीतरी शोधत. चार वर्षं त्या हाताने पेन धरलं नव्हतं. त्याला पेन हवं होतं.

मी थांबले.

"मग?" सर म्हणाले. "मुलगी होती, ती काय?"

"काही नाही, सर."

"सांग ना गं."

मी लॅपटॉप मिटला. त्यांनी तो आवाज ओळखला असणार, कान भयंकर आहेत. मी जिना उतरले तरी वरून "संचिता, अगं" ऐकू येत होतं. पुन्हा गेले नाही. त्यांना दुसरी मुलगी मिळाली टायपिंगला. तिला कुणीतरी सांगा, सरांनी विचारलं तर म्हण, मला भाऊबहिणी नाहीत.

पत्र मीच लिहिलं. तीन वर्तमानपत्रांना पाठवलं, सहीसकट. छापलं नाही कुणी. एकाने फोन करून विचारलं, हे सोमणांच्या कथेवरून सुचलंय का तुम्हाला? टॉवरमध्ये तोच सुपरवायझर आहे. पोलिसांच्या कागदावर माझा भाऊ अजून प्यायलेलाच आहे.

मग मी हे लिहायला बसले. पण यावेळी आधी विचारलं. आईसमोर बसले आणि म्हणाले, सगळं लिहू का? चपलांचं, तू काय म्हणालीस ते, फुटपाथवरचं?

आई तांदूळ निवडत होती. हातातला खडा बाजूला टाकला. मग म्हणाली, "लिही. आमची नावं बदलू नकोस. सर्वेशचं बदलू नकोस, माझं बदलू नकोस. त्या सोमणाचंही नको." ताट बाजूला सारलं. "त्या माणसाचं तेवढं बदल."

म्हणून गोपीनाथ हे त्याचं नाव नाही. बाकी सगळ्यांची आहेत तीच आहेत.